झीज

मराठीत घराच्या तळाला जमीनच म्हणतात. शेतकऱ्याची जमीन आणि माजघराची जमीन यांत भाषेने भेद ठेवला नाही, कारण शेकडो वर्षे तो भेद खरोखरच नव्हता. भिंतीच्या आतली माती चोपायची, तिच्यावर शेणकाल्याचा हात फिरवायचा, की तीच घराची जमीन होई. सारवणाचा धर्म असा की, ते वरून भर घालते. आज उमटलेला पायाचा ठसा, घागरीचे वर्तुळ, उखळाच्या घावाने उडालेली खपली, हे सारे पुढच्या सारवणाखाली जाते. मातीची जमीन दर आठवड्याला नवी होते आणि दर आठवड्याला सगळे विसरते. लाकडी जमिनीचा धर्म नेमका उलट. तिच्यावर भर घालता येत नाही. तिला नवे करायचे तर तिच्यातूनच काही काढून टाकावे लागते. म्हणून लाकडी जमीन दुरुस्त करणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. काढायचे किती, आणि राहू द्यायचे काय?

हा प्रश्न रुआबांध्यात उभा राहावा हे थोडे नवलाचेच. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागून असलेले हे गाव; मूळची वस्ती छत्तीसगडी, कौलारू, मातीच्या भिंतींची. तिथल्या बाया अंगण शेणाने लिंपीत आणि कडेला पांढऱ्या छुही मातीचा पट्टा ओढीत. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि आसपासच्या भातखाचरांवर सेक्टरांची आखीव नगरी उभी राहिली. रुआबांधा हेही पुढे एका सेक्टरचे नाव झाले. कारखान्याच्या क्वार्टरांत सिमेंटच्या घोटीव जमिनी आल्या. मागून खाजगी घरे झाली त्यांत मोझॅक आले. आणि अलीकडे चकचकीत टाइल्स आल्या, ज्यांच्यावर कधीकधी लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. साल हा ज्या राज्याचा राजवृक्ष आहे आणि ज्याच्या दक्षिणेस बस्तरचे साग-सालाचे अरण्य पसरले आहे, तिथे माणसे छापील लाकडावरून चालतात. जी झिजत नाही आणि फुटली तर सांधता येत नाही, अशी ही जमीन आहे.

या वस्तीतल्या एका मराठी घरात मात्र माडीवरच्या खोलीची जमीन खऱ्या सागाच्या फळ्यांची आहे. या मुलखात मराठी माणूस उपरा नाही. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे दुर्ग जिल्हा मध्य प्रांतात गेला, त्याचीही राजधानी नागपूरच होती. कारखाना निघाला तेव्हा नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडची कितीतरी तरुण मुले रेल्वेच्या एका रात्रीच्या प्रवासाने इथे आली आणि इथलीच झाली. या घरचे गृहस्थ त्यांच्या मागून आलेल्या पिढीतले. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात त्यांचे बालपण गेले, आणि नोकरीची सारी वर्षे कारखान्याच्या रेल व स्ट्रक्चरल मिलमध्ये गेली.

वाडा म्हणजे खरे तर लाकडाचा सांगाडा. दगडी जोत्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या. त्या फळ्यांवर पुष्कळ ठिकाणी मातीचा थर देऊन वरही सारवीत. त्यामुळे माडीवर चालणाऱ्याच्या पायाला मातीच लागे आणि लाकूड दिसे ते फक्त खालून, छत म्हणून. काही माड्यांवर मात्र फळ्या उघड्याच ठेवलेल्या असत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा मागे फक्त जोती, तट आणि दरवाजे उरले. पेशव्यांचे दिवाणखाने कुठे होते ते आज दगडांच्या चौकोनांवरून ताडावे लागते, कारण ज्या जमिनींवर ती माणसे वावरली त्या जमिनी लाकडाच्या होत्या. जे वाडे आगीतून वाचले ते वाटण्यांत गेले. वाडा पाडायचा म्हणजे तो ‘उतरवायचा’ असे म्हणतात. वरून खाली, जोड सोडवीत, खिळे उपटीत. उतरलेले लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीत जाते आणि वजनावर किंवा मापावर विकले जाते. चांद्याच्या जंगलातला साग असेल तर त्याला शंभर वर्षांनीही गिऱ्हाईक असते.

महालातला हा वाडा उतरला त्याला तीस-पस्तीस वर्षे झाली. गृहस्थांच्या वाट्याला थोडी रक्कम आली आणि माडीवरच्या एका खोलीच्या फळ्या आल्या. भाऊबंदांनी दिवाणखान्याचे कोरीव खांब घेतले. माडीच्या फळ्यांना फारसे कोणी भांडले नाही. फळ्या काढताना प्रत्येकीवर खडूने अनुक्रमांक घातला होता. पण मालमोटार भंडारा-राजनांदगावच्या रस्त्याने येत असता पावसात सापडली, आणि रुआबांध्याला पोचेपर्यंत खडू धुऊन गेला. नव्या घराच्या स्लॅबवर आडव्या पट्ट्या मारून फळ्या बसवल्या, त्या जशा हाती आल्या तशा.

या व्यवहारात एक विसंगती होती. मिलमध्ये १९६० पासून आगगाडीचे रूळ लाटले जात होते आणि बांधकामाच्या तुळयाही. देशातल्या जुन्या लाकडी इमारतींत सागाची तुळई काढून लोखंडी गर्डर घालण्याचा तो काळ होता. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा झाला. पुढच्या वर्षांत गिरगाव-परळच्या चाळींतून कुजलेल्या तुळया आणि फळ्या निघत गेल्या, त्यांच्या जागी गर्डर आणि लादी आली. रुळांखालचे लाकडी स्लीपरही याच सुमारास काँक्रीटला जागा देऊ लागले. म्हणजे दिवसभर ज्या हातांनी लाकडाची सद्दी संपवणारे पोलाद लाटले, त्याच हातांनी घरी येऊन आजोबांच्या माडीचा साग जपला. गृहस्थांना ही गोष्ट कोणी बोलून दाखवली तर ते एवढेच म्हणत, की पोलाद पोटासाठी आणि साग पायांसाठी.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका पावसाळ्यात गच्चीचे पाणी झिरपले. फळ्यांखालच्या पट्ट्या कुजल्या, दोन फळ्या वाकल्या, बाकीच्यांवर काळे डाग चढले. चालताना जमीन करकरू लागली. सगळी जमीन उचलून पट्ट्या बदलाव्यात, आणि बदलतोच आहोत तर फळ्याही तासून एकसारख्या कराव्यात, असे गृहस्थांनी ठरवले. दिवाळीनंतरचे दिवस धरले, तेही योग्यच. लाकूड लांबीत बदलत नाही, रुंदीत बदलते. भिलाईच्या वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो तेव्हा फळ्या आकसून मधे फटी पडतात, आणि श्रावणात त्याच फळ्या हवेतला ओलावा पिऊन एकमेकींना भिडतात. उन्हाळ्यातल्या फटीत लांबी भरून ती बुजवली तर पावसाळ्यात फुगलेल्या फळीला जागा उरत नाही. ती लांबी बाहेर फेकते, किंवा स्वतःच उचलली जाते. मार्गशीर्ष-पौषात लाकूड मधल्या स्थितीत असते. त्या वेळी त्याला हात लावावा.

बोलावलेला मिस्त्री वयस्क होता. फळ्या उचलून त्याने अंगणात सावलीत मांडल्या, मधे चिपा घालून, म्हणजे वारा दोन्हीकडून लागेल. मग त्याने गुंडाळलेली पट्टी काढून कडांची जाडी मोजली. सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. फळ्या दहा सुतांच्या होत्या, म्हणजे सव्वा इंच. नव्या जमिनींच्या फळ्या सहसा याहून पातळ असतात, आणि त्यांच्या कडांना खाच आणि जीभ असते. तिथे खाचेच्या वरचा थर संपला की फळी संपली, मग खाली लाकूड कितीही असो. या फळ्यांना तो धोका नव्हता. तरीही मिस्त्रीने गृहस्थांना एक हिशेब सांगितला. काही फळ्यांत दोन-दोन सूत खोल खळगे आहेत. सारी जमीन काचेसारखी सपाट हवी असेल तर या खळग्यांच्या तळापर्यंत सगळ्याच फळ्या उतरवाव्या लागतील. दहाच्या आठ होतील.

खळगा नाहीसा करण्याचा याहून दुसरा मार्ग लाकडात नाही. जिथे झीज झाली तिथे काही घालता येत नाही. जिथे झाली नाही तिथे ती मुद्दाम करावी लागते. शंभर वर्षांच्या पावलांनी एका जागी जेवढे लाकूड खाल्ले, तेवढे यंत्राने एका दिवसात सगळीकडून खायचे, तेव्हा कुठे ती जागा वेगळी दिसेनाशी होते. सपाटपणाची ही किंमत सहसा कोणी सांगत नाही. जुने नवे झाले याचा आनंद इतका असतो की, भुशाच्या पोत्यांतून काय गेले ते कोणी पाहत नाही.

पण तासायला घेण्याआधी फळ्या लावून पाहायच्या होत्या, आणि त्यातून एक गोष्ट पुढे आली. वाड्यातल्या कड्यांवर ठोकलेल्या खिळ्यांची भोके फळ्यांत तशीच होती. एका फळीची भोके शेजारच्या फळीच्या भोकांशी जुळली, डाग डागाला मिळाला, रेषा रेषेला लागली की ओळखावे, या दोघी मूळच्या शेजारणी. खडूचे आकडे वाहून गेले होते, पण खिळ्यांचे आकडे गेले नव्हते. मिस्त्रीने दोन दुपारी घालवून बऱ्याचशा फळ्या जुन्या क्रमाने लावल्या. रुआबांध्याच्या खोलीत चार कोपऱ्यांना विखुरलेले खळगे तेव्हा एकत्र आले. एका लांबट चौकटीचे चार कोपरे असावेत तसे चार गोल ठसे, आणि त्यांच्या मागे, दोन फळ्यांवरून गेलेले, घासून तयार झालेले दोन समांतर पन्हळ.

गृहस्थांच्या पत्नीने ते पाहिले आणि चटकन ओळखले. ते शिवणयंत्राचे पाय होते. मागचे पन्हळ स्टुलाचे. बसताना पुढे ओढलेले आणि उठताना मागे सरकवलेले.

सासूबाई ऐन तिशीत विधवा झाल्या होत्या. वाड्याच्या मोठ्या कुटुंबात त्यांच्या वाट्याला माडीची एक खोली आली, आणि लोखंडी पायांचे, पायाने चालवायचे एक शिवणयंत्र. शेजारपाजारची परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, लग्नसराईत झंपर. त्या मिळकतीतून मुलाची फी गेली, आणि तो भिलाईला नोकरीला लागेपर्यंत त्या यंत्राला खंड नव्हता. घरात वंशावळीचा एक कागद चौकटीत लावलेला आहे. भोसल्यांच्या पदरी असलेल्या पूर्वजापासून तो सुरू होतो आणि पुरुषांवरून पुरुषांवर उतरतो. सासूबाईंचे नाव त्यात नाही. असायचा रिवाजही नव्हता. त्यांनी लिहिलेली एखादी वही, एखादे पत्रही मागे राहिलेले नाही. यंत्र वाटणीच्या वेळीच मोडीत गेले. तीस वर्षे घराला पोसले याचा पुरावा म्हणून जगात उरले होते ते चार फळ्यांतले दोन सूत खोल खळगे, आणि तेच आता तासले जाणार होते.

पत्नीचे म्हणणे होते, हे राहू द्यावे. गृहस्थांचे म्हणणे होते, जमीन सपाट हवी. म्हातारपणी पाय अडखळतो. हे कारण खोटे नव्हते. पण ते पुरतेही नव्हते, आणि दोघांनाही ते ठाऊक होते. लहानपणी गृहस्थ त्या खोलीच्या खालच्या खोलीत निजत. माडीच्या फळ्या उघड्या असल्याने त्यांच्यातून आवाज गाळून येत नसे. रात्री दहा-अकरापर्यंत डोक्यावर त्या यंत्राची धडधड चाले, आणि खालचे काका कधी वर पाहून पुटपुटत. आई दुसऱ्यांचे कपडे शिवते, हे शाळेत कोणाला कळू नये अशी त्या मुलाची धडपड असे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या पत्रात त्याने आईला शिवण थांबवायला लिहिले होते. काही खुणा माणसाला पुसाव्याशा वाटतात त्या त्यांचे मोल कळत नाही म्हणून नाही. ते मोल फार लवकर, फार कोवळ्या वयात कळलेले असते म्हणून.

जुनी वास्तू राखण्याच्या कामात हा वाद नेहमीचाच आहे. वस्तू ज्या दिवशी घडली त्या दिवसासारखी करावी, की तिच्यावरून जो काळ गेला त्यासकट ठेवावी? राजवाड्यांच्या आणि देवळांच्या बाबतीत या प्रश्नावर विद्वान चर्चा करतात, समित्या बसतात. घराच्या जमिनीच्या बाबतीत तो नवराबायकोत सुटतो, आणि बहुधा न बोलता सुटतो. वास्तविक घराच्या जमिनीइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही. भिंतीवर माणसे आपल्याला हवे ते लावतात. जमिनीवर मात्र जे खरोखर घडले तेवढेच उमटते, आणि जो अधिक राबला त्याची नोंद अधिक खोल उमटते. दिवाणखान्यात लोडाला टेकून बसणाऱ्यांनी खाली फारसे काही लिहून ठेवलेले नसते. झिजते ती उंबऱ्याची आतली बाजू, जिन्याचे तोंड, पाणी ठेवण्याची जागा. वाड्यांच्या इतिहासात ज्यांची नावे सापडत नाहीत त्यांचा इतिहास असा पायाखाली असतो. आणि सर्वांत आधी तोच तासला जातो.

निर्णय कोणी उच्चारला नाही. सकाळी मिस्त्रीने सुंब्याने सारे खिळे लाकडाच्या पातळीखाली ठोकले, कारण वर राहिलेला एक खिळासुद्धा घासणाऱ्या यंत्राचा कागद फाडतो. मग आधी भरड, मग मध्यम, मग बारीक असा काचकागद लावून, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, त्याने एकेक फळी घासायला घेतली. आडवा हात गेला तर ओरखडा उमटतो, आणि तो पॉलिश चढल्यावरच दिसतो. काळे डाग गेले आणि खालून सागाचा मधाळ रंग वर आला. त्या चार फळ्यांची पाळी आली तेव्हा गृहस्थांनी मिस्त्रीच्या हातातले यंत्र बंद करायला लावले. त्या फळ्या त्यांनी स्वतःच्या पुढ्यात ओढल्या आणि फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडायला सुरुवात केली. ही जुन्या सुतारांची रीत. काचेची धार लाकडाचा कागदाहून पातळ पापुद्रा काढते, आणि हाताला लाकूड कुठे संपते ते कळत राहते. दोन दिवस ते काम चालले. मळ गेला, कडा बोथट झाल्या, पायाला लागेल असे काही उरले नाही. खळगे मात्र राहिले, पहिल्यापेक्षा थोडे उथळ. त्या चार फळ्या त्यांच्या मूळच्या क्रमाने खिडकीजवळ बसवल्या गेल्या, जिथे उजेड चांगला येतो आणि जिथे कोणीही शिवणयंत्र ठेवले असते.

मग राहिले ते फळ्यांना पाजायचे काम. बाजारात आता कडक थर देणारी रसायने मिळतात. ती टिकाऊ असतात, पाण्याला दाद देत नाहीत. पण त्यांच्यावर ओरखडा गेला की तेवढ्यापुरती दुरुस्ती जमत नाही, बहुधा सारी जमीन पुन्हा घासावी लागते. लाखेचे पॉलिश कच्चे असते. गरम भांडे ठेवले तर पांढरे वर्तुळ पडते. पण त्याचा गुण असा की, नवा हात दिला तर स्पिरिटने जुना थर विरघळतो आणि दोन्ही एक होतात; तळहाताएवढी जागाही तेवढ्यापुरती सुधारता येते. मिस्त्रीने पहिल्यांदा जवसाचे तेल दिले, ते सुकायला दिवस लागले, आणि मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीने, हलक्या हाताने एकावर एक थर दिले. तेलाच्या चिंध्या त्याने गोळा करून ठेवल्या नाहीत, एकेक वेगळी करून कुंपणावर वाळत घातली. जवसाचे तेल सुकताना तापते, आणि चिंध्यांचा बोळा आपल्याआप पेट घेऊ शकतो. लाकडाच्या माणसाला हे माहीत असावे लागते.

यातली एकही वस्तू दुरून आणावी लागत नाही. लाखेचा किडा छत्तीसगडच्या रानात कुसुमावर, पळसावर आणि बोरीवर वाढतो. जवस इथला शेतकरी उभ्या भातातच फोकून देतो. भात कापले की मागच्या ओलीवर ते वाढते आणि माघात निळे फुलते. नागपूरच्या वाड्यातून उपटून आणलेला चांद्याचा साग रुआबांध्याच्या आसमंतातले तेल आणि लाख पिऊन पुन्हा उभा राहिला. माणसांच्या बाबतीत अशा रुजण्याला दोन पिढ्या लागतात.

पुढच्या वैशाखात फळ्यांमधे पुन्हा बारीक फटी दिसू लागल्या. नातवाने त्या आजोबांना दाखवल्या आणि विचारले, काम कच्चे झाले का? गृहस्थ म्हणाले, नाही. लाकूड अजून जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. श्रावण लागला की फटी आपल्याआप मिटतील. मग नातू खिडकीजवळ पालथा पडून त्या चार खळग्यांत गोट्या ठेवून खेळू लागला, आणि गोट्या घरंगळून जात नाहीत याचे त्याला फार नवल वाटले.